काकूंनी रॅकेट घेतली ती संध्याकाळ

काल पेटी उघडली तर माझ्या बायकोची, सुमनची, बॅडमिंटनची रॅकेट निघाली. मुठीच्या जुन्या रबराचा वास आला, अन् तिची ती संध्याकाळ समोर उभी राह्यली.

आम्ही बालाघाटच्या या वॉर्डात तेव्हा नवे होतो. आम्ही बौद्ध, हे समजल्यापासून समोरच्या काकू आमच्याकडचं पाणीही घेत नव्हत्या. सुमननं गल्लीत दोन खांबांना मासे धरायची जुनी जाळी बांधली, पोरीसोरी गोळा केल्या. त्या दिवशी ती रॅकेट घेऊन थेट काकूंच्या दारात गेली.

"या न काकू खेळायले."

"ठेव तिथं खाली. मी उचलते."

खेळणाऱ्या पोरी थांबल्या. मी खिडकीत उभा होतो. आमचं भाड्याचं घर काकूंच्याच दिराचं होतं. त्यानं काढलं तर दुसरं कोण देणार होतं?

"खाली काहून ठेवू? हातातून घ्या," सुमन म्हणाली. हात तसाच लांब.

मी दबक्या आवाजात म्हटलं, "ठेव न वं! घरात ये!" तिनं वळूनही पाह्यलं नाही.

मग काकूंनी पदर खोचला. "मोठी जिद्दी हायेस वं पोरी," म्हणाल्या अन् तिच्या हातातून रॅकेट घेतली. पहिलंच शटलचं फूल त्यांनी नालीत मारलं. सारे हसले.

मी मात्र घरात तिच्यावर चिडलो. आता वाटते, तिच्या बाजूले जाऊन उभं राहायले मले पाच पावलं लागली असती. मी खिडकी सोडली नाही. हे तिले सांगायचं राह्यलं. महिना झाला तिले जाऊन.