काचेवरची काठी

जुनी गाडी घेतल्यापासून नांदूरघाटला पोचेस्तोवर माझं डोकं जड व्हायचं. दोन मेस्त्रींनी एसीत दोष काढला, फरक शून्य. मी तिथं लिंबाखाली गाडी लावून, एसीसाठी इंजिन चालू ठेवूनच, डोळे मिटायचो. तिथला म्हातारा मेंढपाळ मी काच खाली घेईपर्यंत तिच्यावर काठी वाजवायचा.

एकदा वैतागून विचारलं, "बाबा, कावून झोपू देत न्हाई?"

"आधीचे मालकबी हितंच झोपलते," तो मेंढ्यांकडं बघत म्हणाला. "त्यांची काच मी वाजवली न्हाई."

गाडी विकणाऱ्या बाई मला एवढंच म्हणाल्या होत्या, "आमचे हे झोपेत गेले."

मी स्वतः गाडीखाली शिरलो. सायलेन्सरचा पाइप सीटखाली फुटला होता. धूर आत झिरपत होता. पाइप मीच बदलला.

आता काच उघडीच असते. तरी तो येतो आणि दारावर काठी वाजवतो, मी बोलेपर्यंत.