विल्फच्या मागे उभं राहून

डार्वेनच्या वॉलपेपर कारखान्यात शुक्रवारी सकाळी सुरुवातीला कुणी कामाला हात लावत नसे. आदल्या रात्री टीव्हीवर प्रहसनांचा कार्यक्रम झालेला असे आणि छपाईच्या यंत्रांपासून गोदामापर्यंत जो तो ती प्रहसनं एकमेकांना करून दाखवत असे. फोरमन ओरडायला म्हणून यायचा आणि "ते बादलीवालं पाहिलंत का रे?" असं विचारून तिथेच रेंगाळायचा. इंग्लंडमध्ये तेव्हा टीव्हीवर दिसायचंच थोडं, त्यामुळे अख्खं गाव एका रात्री एकाच गोष्टीला हसायचं आणि सकाळी तेच हसू पुन्हा गरम करून घ्यायचं.

यात सर्वात पुढे ॲलेक ड्यूहर्स्ट. रंग कालवायच्या खात्यात होता. तोंडाचा पट्टा सतत चालू, खांदे उडवायची सवय, आणि गप्प बसायचं म्हटलं तर जीव जायचा त्याचा. नाताळच्या जेवणाला कारखान्यातर्फे काही करमणूक करायची ठरली तेव्हा ॲलेकनं नुसत्या नकला करायचं सोडून स्वतःचंच एक प्रहसन रचलं. दोन माणसांचं. जोडीदाराला ऐन वेळी गालगुंड झालं. तेव्हा ॲलेक यंत्राच्या टोकाशी गेला, जिथे विल्फ शोरॉक छापून येणारा कागद तपासत उभा असायचा. गुलाबांमागून गुलाब दिवसभर डोळ्यांसमोरून जात आणि एखादी पाकळी चुकली की विल्फ बोट वर करी. एरवी त्याची हालचाल दिसायची नाही.

"विल्फ, स्टेजवर येतोस का?"

"मला काही येत नाही."

"काही यायला नकोच आहे. तू पुढे उभं राहायचंस. मी मागून प्रश्न विचारणार."

"एवढंच?"

"एवढंच. हॅट मी देतो."

असं ते 'रांग' नावाचं प्रहसन जन्माला आलं. पहिल्याच वर्षी हॉल असा हसला की स्वयंपाकघरातल्या बायका हातातली भांडी घेऊन बाहेर आल्या. तेव्हापासून दर नाताळला 'रांग' व्हायचीच. इतर प्रहसनं आली नि गेली, ही राहिली. प्रयोग झाला की लोक ॲलेकच्या पाठीवर थापा मारत, त्याला बिअर पाजत, "काय डोकं आहे बुवा!" म्हणत. विल्फ आपला ग्लास घेऊन भिंतीशी उभा असायचा. ॲलेकला त्याची कधी कधी दयाच यायची. बिचारा! सगळं हसू आपण मिळवतो आणि हा नुसता खांबासारखा उभा राहतो, असं त्याला मनापासून वाटायचं. थेल्माला, म्हणजे विल्फच्या बायकोला, तो हे बोलूनही दाखवायचा. ती म्हणायची, "हो का रे?" आणि विणकाम पुढे चालू ठेवायची.

पण एका बाबतीत विल्फचा शब्द शेवटचा असे. एका वर्षी ॲलेकनं तोंडाला काळं फासून हिंदुस्थानी बस कंडक्टरचं सोंग काढलं. टीव्हीवर त्या काळी सर्रास चालायचं ते. हॉल खदखदून हसला. दुसऱ्या दिवशी विल्फ म्हणाला, "ते बंद."

"बंद? अरे, लोक लोळत होते!"

"नानू टाळ्या वाजवत होता."

नानू सोळंकी बॉयलरवर कामाला होता. नवसारीकडचा माणूस, पुढच्या रांगेत बायकोला घेऊन बसलेला. ॲलेक म्हणाला, "मग? आवडलंच ना त्याला!"

"आवडलं की माणूस हसतो, ॲलेक. टाळ्या वाजवतो तो आपल्याला वाईट वाटू नये म्हणून."

ॲलेक दोन दिवस फुरंगटून बसला. पण पुन्हा ते सोंग काढलं नाही, आणि त्या दिवसापासून त्याच्या कानाला एक खोड लागली. खरं हसणं कुठलं आणि शिष्टाचाराचं कुठलं, ते त्याला झटकन कळू लागलं. शिष्टाचाराचं हसणं नाकातून येतं आणि वेळेवर थांबतं. ज्या देशात पायावर पाय पडला तर ज्याचा पाय तुडवला तोच माफी मागतो, तिथे या दुसऱ्या प्रकारच्या हसण्याला काय तोटा!

कारखाना बंद पडला. दोघं म्हातारे झाले. 'रांग' गावातल्या कामगार क्लबात होत राहिली, पण आता तिथली म्हातारी मंडळी ॲलेक तोंड उघडायच्या आधीच हसायची. ते हसणं जुन्या दिवसांना होतं, हे ॲलेकच्या लक्षात यायचं आणि रात्रभर खुपत राहायचं.

त्यात विल्फची नात ब्रायनी एका नाताळला मँचेस्टरहून आली. तिनं आजोबा आणि ॲलेकबरोबर बसून त्या काळचे टीव्हीवरचे कार्यक्रम पाहिले. मनापासून पाहिले बिचारीनं. मग म्हणाली, "आजोबा, राग मानू नका. पण हे इतकं हळू का चालतं? आणि पुरुष बाईचा झगा घालून आला, एवढ्यावरच लोक का हसतायत?"

ॲलेक उसळला. "तुमचं ते फोनवरचं दहा सेकंदांचं! माणूस घसरून पडला की झाला विनोद!"

"काका, मी भांडत नाहीये. मला फक्त हसू येत नाहीये."

विल्फ चहात बिस्किट बुडवत म्हणाला, "बरोबर आहे पोरीचं. निम्मं तेव्हाही विनोदी नव्हतं. आपण तरुण होतो, आणि शेजारचा हसायचा म्हणून हसायचो."

"आणि उरलेलं निम्मं?" ॲलेकनं विचारलं. विल्फनं बिस्किट खाल्लं.

पुढच्या थंडीत विल्फच्या फुप्फुसांनी दगा दिला. इस्पितळात ॲलेक रोज जाऊन बडबडायचा आणि विल्फ नळ्या लावून ऐकायचा. एका दुपारी विल्फनं त्याला हातानंच थांबवलं.

"माझ्या मयताच्या जेवणाला 'रांग' कर."

"कुणाला घेऊन?"

"कुणालाच नको. माझी जागा मोकळी ठेव."

"वेडा आहेस का? एकट्याची कसली रांग?"

"कर तू. आणि नाकातून हसले, तर तिथेच थांब आणि हॅम खा. मग मिटलं सगळं. ते टीव्हीवरचंही आणि आपलंही."

ॲलेक घरी येऊन खूप वेळ कोटसुद्धा न काढता बसून राहिला. त्याला पुरतं कळलं होतं. आयुष्यभर ज्याला आपण आपली करामत म्हणत आलो, ती खरी होती की तिचा फक्त काळ चांगला होता, याचा निकाल विल्फनं स्वतःच्या मयताच्या जेवणावर ठेवला होता.

डार्वेनमध्ये मयताच्या जेवणाला हॅम, म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, लागतंच. पातळ कापलं तर गावात चर्चा होते. थेल्मानं जाड कापलं होतं. क्लबाच्या हॉलमध्ये एका बाजूच्या टेबलावर हॅम, मांसाचं सारण भरलेली 'मीट पाय', लोणच्यातले कांदे, मोठ्या भांड्यात चहा. दफन आटोपून मंडळी ओल्या कोटांनी आली, खुर्च्यांवर बसली, आणि पाद्र्यानं जाहीर केलं की विल्फच्या इच्छेप्रमाणे ॲलेक काहीतरी सादर करणार आहेत.

ॲलेक टेबलाजवळच्या मोकळ्या जागेत लोकांकडे तोंड करून उभा राहिला. डोक्यावर ती जुनी हॅट. पुढे एका माणसाची जागा सोडलेली. त्या जागेकडे वाकून त्यानं अदबीनं विचारलं, "माफ करा, ही रांगच का?"

थांबला. विल्फ थांबायचा तेवढाच.

कुणीतरी खोकलं.

"फार वेळ झाला का तुम्हाला उभं राहून?" पुन्हा थांबला. "नाही, मला घाई नाही. आपलं सहज विचारलं."

पाद्री नाकातून हसला आणि वेळेवर थांबला. मागोमाग आणखी चार नाकं. थेल्मा कपात बघत होती. ब्रायनी भिंतीला टेकून उभी होती, आणि लहान मूल कविता विसरलं की आपण जसं त्याला धीर द्यायला हसतो तशी हसत होती. संपलं, ॲलेकला वाटलं. आणखी एक प्रश्न विचारायचा आणि हॅम घ्यायचं. माफ कर, विल्फ.

नेमकी त्या वेळी विल्फची मावसबहीण ईडिथ बायकांच्या संडासातून बाहेर आली. ब्लॅकबर्नहून आलेली, कानानं अधू, जाहीर केलेलं तिनं ऐकलंच नव्हतं. तिनं पाहिलं, हॅमच्या टेबलाशी एक माणूस हॅट घालून ताटकळत उभा आहे. मग तिनं त्या गावात कुठलाही सभ्य माणूस करील तेच केलं. पर्स कोपरावर सरकवली, ताटली उचलली आणि ॲलेकच्या मागे जाऊन उभी राहिली.

बाहेर सिगरेट ओढायला गेलेले दोघं आत आले. त्यांनी ईडिथकडे पाहिलं, टोप्या काढल्या आणि तिच्या मागे उभे राहिले. एक जण काही बोलायला गेला तर दुसरा म्हणाला, "शू! रांग आहे." त्यांच्या मागे बाबागाडी घेऊन एक बाई.

हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. ईडिथनं ॲलेकच्या खांद्याला हळूच हात लावला आणि बहिऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात विचारलं, "माफ करा हं, ही रांगच ना?"

ॲलेकच्या जिभेवर उत्तर आलं होतं. त्याच्या जिभेवर नेहमीच काही ना काही असायचं. पण बोलायच्या आधी त्याच्या ध्यानात आलं की आज पुढे तो उभा आहे. त्यानं तोंड मिटलं. समोरच्या लोकांकडे पाहिलं. बस्स, पाहत राहिला.

आधी एकच आवाज आला, पोटातून निघालेला, फुटका. नानू सोळंकीचा. मग सगळा हॉल हसत कोसळला.

ॲलेक हलला नाही. तो आवाज ओसरेपर्यंत थांबायचं, पुरता ओसरू द्यायचा नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, तरी त्याचं अंग ते करत होतं. ईडिथनं मागून विचारलं, "फार वेळ झाला का तुम्हाला उभं राहून?"

खुर्च्या सरकल्या. कुणाचा तरी कप फुटला. प्रहसनाच्या शेवटी विल्फच्या वाट्याला येणारी मोजकी वाक्यं ॲलेक बोलू लागला.

"माझ्यापुढे एक जण होता."

"मग कुठे गेला?"

"त्याला मिळालं."

"काय मिळालं?"

"विचारलं नाही मी."

"बरोबर आहे," ईडिथ म्हणाली. "आपण कसं विचारायचं!" आणि ताटली नीट धरून उभी राहिली.

ब्रायनी भिंतीवरून घसरत जमिनीवर बसली होती. तिच्या तोंडातून आवाजच निघत नव्हता, नुसते खांदे हलत होते. जन्मात 'रांग' न पाहिलेली तिच्या वयाची पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती. जुन्या दिवसांशी त्यांना काय घेणं होतं? आणि पाद्री, तो तर डोळे पुसत होता. ॲलेक उभ्या उभ्या थक्क झाला. प्रश्न तर आज ईडिथनंही विचारले. तिला विनोद चाललाय याची गंधवार्ताही नव्हती. प्रश्न कुणीही विचारू शकतं. हसू आलं होतं ते पुढे उभं राहणाऱ्याच्या गप्प राहण्यातून. ते असं अंगावर येत होतं की पाय रोवून उभं राहावं लागत होतं, आणि त्यात चेहरा ढळू द्यायचा नाही. रडू नाही, हसू नाही. दर नाताळला विल्फ हे सगळं पेलून उभा राहायचा आणि मग भिंतीशी जाऊन आपली बिअर प्यायचा. एवढं मोठं काहीतरी आपल्या हातभर पुढे घडत होतं आणि आपण त्याची दया करत होतो!

सगळं झाल्यावर ईडिथला जाड तुकडा मिळाला. ब्रायनीनं येऊन ॲलेकला घट्ट मिठी मारली, पण तिला बोलता येईना. तो थेल्माजवळ जाऊन बसला.

"थेल्मा, त्या वेळी तो काय करायचा गं?"

"कोण?"

"विल्फ. मी प्रश्न विचारला की. मी मागे असायचो ना! मला त्याची मान दिसायची. फक्त मान आणि हॅट."

थेल्मा त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे तू कधी पाहिलंच नाहीस? इतक्या वर्षांत?"

"तालमीत करायचाच नाही. म्हणायचा, इथे मी थांबतो, तू पुढे चल."

थेल्मानं कप खाली ठेवला. रुमालानं चेहरा पुसला. मग ताठ बसली आणि समोर, कुणाकडेच नाही असं, पाहू लागली. फार काही केलं नाही तिनं. भुवया किंचित वर गेल्या आणि तिथेच राहिल्या. डोळ्यांत मात्र असं काही आलं, की मागे उभा असलेला माणूस ठार मूर्ख आहे, हे मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही कळलंय, पण तो आपला आहे, तर कृपा करून त्याला कळू देऊ नका.

ॲलेक पाहत राहिला. आधी त्याचे ओठ हलले. मग खांदे. मग तो टेबलावर डोकं टेकून असा हसू लागला की लोकांना वाटलं म्हातारा अखेर कोलमडला. नानू सोळंकी धावत पाणी घेऊन आला. ॲलेक मान वर करायचा, थेल्माकडे बघायचा आणि पुन्हा सुटायचा. त्याचं हसून संपेपर्यंत थेल्मानं तो चेहरा तसाच धरून ठेवला.