चिऊचा बसलेला हात

आमच्या मुलीला नवव्या महिन्यात वाईट संगत लागली. ती संगत म्हणजे मी.

मधुराची रजा संपून ती पुन्हा ऑफिसला जायला लागली होती. मी तारनाक्याच्या फ्लॅटमध्ये बसून नोकरी करणारा, म्हणून चिऊ दिवसभर माझ्याकडे. फ्रिजवर मधुराचा लेखी हुकूम : गाजर आणि भोपळा उकडून, बोटभर कांड्या करून हातात द्यायच्या, तिचं तिला खाऊ द्यायचं, वर्षाची होईपर्यंत मीठ-साखर बंद. (चहाचा उल्लेख नव्हता. नवरा एवढा खाली उतरेल असं तिला वाटलं नसावं.)

पहिल्या दिवशी चिऊनं गाजर लॅपटॉपवर चिरडलं आणि भोपळा केसांना लावला. माझ्या केसांना! चार वाजता मी दमून उस्मानिया बिस्कीट चहात बुडवलं, तर तिनं हात पुढे केला. म्हटलं, एवढंसं टोक. टोकाचं अर्धं झालं, दुसऱ्या दिवशी अख्खं. घरात अशी शांतता पसरली की मी दोन मीटिंगा चक्क कॅमेरा सुरू ठेवून केल्या.

पंधरा दिवसांत तिनं गाजराशी संबंध तोडले. कांडी दिसली की तोंड घट्ट मिटायची. रविवारी मधुरा तासभर तिच्यापुढे बसली आणि हळूच म्हणाली, "मी जायला लागल्यापासूनच जेवत नाहीये ना ती? उद्या राजीनामा देऊन टाकते."

खरं बोलायची हीच वेळ होती. मी म्हणालो, "आधी डॉक्टरांना दाखवू."

सुलतान बाजारातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांपुढे मधुरानं वही उघडली. चिऊनं काय खाल्लं, किती थुंकलं, सगळं वाचून दाखवलं. (चार वाजताच्या नोंदी हे माझं स्वतंत्र लेखन होतं.) टेबलावर डॉक्टरांचा चहा केव्हाचा निवून पडला होता, शेजारी बशीत बिस्किटं. माझ्या मांडीवरून चिऊ वाकली, बिस्कीट उचललं, टोक चहात बुडवलं, कपाच्या काठावर दोनदा टेकवून थेंब झाडला आणि डोळे मिटून चोखू लागली.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "इसकू नयी खिलाडी नक्को समझो, अम्मा. हाथ बैठा हुआ है."

मधुरा चिऊकडे बघतच नव्हती. थेंब तसा झाडणारा आमच्या घरात एकच माणूस आहे.

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

"कुठल्या सोमवारपासून?"

"तू गेलीस, त्या."

ऑटोत मी अंग चोरून बसलो. आता बोलेल, मग बोलेल. शेवटी ती एवढंच म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे नव्हतं," आणि ओढणीनं डोळे पुसले. त्यापेक्षा तिनं मला भर रस्त्यात उतरवलं असतं तर बरं झालं असतं.

राजीनामा टळला. मंगळवारपासून आमच्याकडे दिवसभर यादम्मा नावाच्या बाई येतात. शेजारच्या आंटींनी जिन्यात विचारलं, "बच्ची को सँभालने रखे क्या?"

"नहीं आंटी," मधुरा म्हणाली, "बच्ची के पप्पा को."