दर मुलामागचा आकडा

शिक्षण खात्याच्या कचेरीत तिला सगळे सरासरीबाई म्हणत. सव्वीस वर्षं तिचं काम एकच: सरकारी शाळांचा वर्षाचा खर्च घ्यायचा, त्याला पटावरच्या मुलांनी भागायचं आणि दर मुलामागचा आकडा अहवालात भरायचा. पगार, वीजबिल, खडू, छपराची डागडुजी, सगळं त्या एका आकड्यात.

त्या वर्षी एका शाळेचा आकडा एकदम तिप्पट आला. तिने पुन्हा भागून पाहिलं. तोच. ती शाळा तिला चांगली ठाऊक होती. धाकटी बहीण तिथेच शिकवायची. जवळचा कारखाना बंद पडला, माणसं पोटामागे पांगली आणि पट चौसष्टवरून एकवीसवर आला. खर्च मात्र होता तेवढाच.

तिने खाली टीप लिहिली: मुलं घटल्यामुळे आकडा वाढला आहे, खर्च वाढलेला नाही.

साहेबांनी कागद चाळला. "बाई, नमुन्यात टिपेला जागा नाही. काढून टाका."

"वाचणाऱ्याचा गैरसमज होईल, साहेब."

"आकडा चुकलाय का?"

"नाही."

"मग?"

तिने टीप खोडली आणि पुढच्या शाळेचा कागद ओढला.

चार महिन्यांनी न परवडणाऱ्या शाळांची यादी निघाली. वरच बहिणीची शाळा. मुलांनी आता चार किलोमीटरवरच्या शाळेत जायचं होतं. बहीण हुकूम घेऊन थेट स्वयंपाकघरात आली.

"ताई, आमच्यावर तिप्पट खर्च होतो म्हणे! अगं, वर्गातला पंखा दोन वर्षं बंद आहे. कुणी काढला हा आकडा?"

"मी."

बहिणीने हुकूम ओट्यावर ठेवला.

"बरोबर आहे तो," थोरली म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. मग तिने टिपेचं सांगितलं.

"मला एक फोन तरी करायचास."

ते तिला सुचलंच नव्हतं.

नवीन शाळेत तेराच मुलं पोचली. उरलेल्या आठांची नावं बहिणीकडून घेऊन ती रविवारी कारखान्यामागच्या गल्ल्यांत हिंडली. तीन घरांना कुलूप. एका दारात एक आई पिठाचे हात पुसत म्हणाली, "एवढ्या लांब रोज कोण सोडणार, बाई? तुम्ही?" तिने मान हलवली, होकाराची की नकाराची, तिलाही कळलं नाही.

सोमवारी तिने आठही मुलांसाठी गाडी मागणारा अर्ज आपल्याच कचेरीत दिला. आवक-शिक्का मिळाला. उत्तर आलं नाही. पुढच्या अहवालात त्या शाळेची ओळच नव्हती आणि साऱ्या तालुक्याची सरासरी किंचित सुधारली होती. तिने ती तपासून सही केली.

बहीण अजून येते. दोघी भाजी निवडत बसतात, नळाच्या वेळा, गुडघेदुखी, असलं काहीबाही बोलतात. शाळेचा विषय कुणीच काढत नाही.