अर्धी मात्रा उशिरा

आमच्या सासऱ्यांसारखे कान देवाने आणखी कुणाला दिले असतील, तर तो माणूस कधीच वेडा झाला असणार! आमच्या दशावतारी कंपनीत ते पखवाज वाजवतात आणि मी राक्षस होतो. राक्षस व्हायला शाळा लागत नाही, उड्या लागतात. सासऱ्यांना मात्र सगळीकडे ताल ऐकू येतो. शेजारीण खोबरं खवताना थांबली की हे आपल्या खळ्यातून ओरडणार, "गो, सम खंय गेली?" एकदा अर्धी मात्रा चुकली म्हणून सख्ख्या भावाशी दहा वर्षं बोलले नव्हते.

तर माझा डावा गुडघा दुखायला लागला. तीन महिने मी त्याला तेल चोळलं. इतकं, की त्यात तोंड दिसायचं! सासऱ्यांनी चिऱ्यांवरची माझी पावलं ऐकली.

"जावयबापू, डावो पाय अर्धी मात्रा उशिरा पडता. गुडघो नाय ओ, वर काय तरी आसा."

"मामांनू, माझो पाय माका कळना नाय आणि तुमका कळता?"

"तुमका काय कळता, ता माका ठावक आसा!"

ओढतच नेलं कणकवलीला. डॉक्टरांनी उताणा झोपवून पाय आत वळवला, तशी जांघेतून कळ आली आणि मी अशी आरोळी ठोकली, की रंगमंचावर कधी जमली नव्हती. "दुखणं खुब्यात आहे, गुडघ्यात उतरतंय," डॉक्टर म्हणाले. "एक्स-रे साफ आहे, पण सुरुवातीला तो साफच दिसतो. एमआरआय करून घ्या." मी 'साफ आहे' एवढंच ऐकलं आणि गावभर गुळाचा खाजा वाटला! सासऱ्यांनी खाजा खाल्ला, बोटं चाटली आणि म्हणाले, "फोटो खोटो असात, ताल खोटो नसता. चला परत."

एमआरआयमध्ये निघालं, खुब्याच्या हाडाचं रक्त आटलंय, हाड आतून मरायला लागलंय. आणि मारेकरी कोण? मीच! तोंडाच्या रंगाने खाज सुटायची, म्हणून एका जुन्या चिठ्ठीवर दोन वर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खात होतो. "हाड अजून चेपलेलं नाही, वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले. हाडाला भोक पाडून त्यांनी आतला दाब कमी केला, गोळ्या हळूहळू सोडवल्या, कुबड्या दिल्या. आणि उडी बंद केली, कायमची. उडी गेली म्हणजे राक्षस गेला. राक्षस गेल्यावर चौथी नापास माणसाकडे उरतं काय?

कुबड्या सुटल्यावर कंपनीने मला राजा केलं. चालत यायचं, सिंहासन म्हणून ठेवलेल्या बाकावर बसायचं. पण पाय अजून लंगडत होता. लंगडा राजा बघून लोक हसणार, आणि सासरे तर बेताल घरजावई म्हणून मला घरातून काढणार!

रंगमंचावर निघालो. उजवा पाय पडला, पखवाजाचा ठोका पडला. डावा नेहमीसारखा उशिरा पडला... आणि ठोकाही उशिराच पडला! पुन्हा तसंच. बाकापर्यंत माझं एकही पाऊल चुकलं नाही. लोक म्हणाले, "काय ऐट आसा रे राजाची!"

मी बसलो आणि हळूच बघितलं. सासरे मान खाली घालून, चोरी केल्यासारखे, पखवाजाच्या शाईवरून नुसताच हात फिरवत होते.