जाणाऱ्या कामांच्या रांगेत माझा फोटो

भिंतीवर माझा फोटो होता. आणि फोटोच्या वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘जाणारी कामं’.

समोर शंभरेक पोरंपोरी बसलेली. आयटीआयच्या. वणीच्या बाहेर कोळशाच्या टिप्परांच्या बॉड्या बनवणारं आमचं वर्कशॉप. तिथं मी आठ वर्षं वेल्डर. त्या दिवशी वेल्डिंग करणाऱ्या रोबोटचं उद्घाटन होतं, म्हणून पोरांना आणलं होतं, पुढं कोणता ट्रेड टिकेल आणि कोणता बुडेल ते सांगायला.

फोटो केतकीनं काढला होता, रोबोट बसवायला पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं, आठवडाभर आधी; आता तीच समोर उभी राहून बोलत होती. “छान हस गं, एका चांगल्या कामासाठी हवाय,” म्हणाली होती. मी मास्क वर केला, घाम पुसला, ओढणी नीट केली आणि हसले. तेच हसणं भिंतीवर.

“अबे, हे तर थेच ताई आहे!” मागून एक पोरगं ओरडलं. सगळे हसले.

पुढच्या रांगेत आमचे मालक. भाऊसाहेब म्हणतात त्यांना. त्यांनी मान वळवली, मला शोधलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, “तुमच्या लोकायचं पहिलेपासूनच असं आहे. रेल्वे आली, बैल बसले. आता रोबोट आला, तू बस.”

मी तांड्यावरची. आमचे जुने लोक बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूखच्या मुलूख फिरायचे. मग रेल्वे आली आणि ते थांबले. हे मला ठाऊक होतं. पण त्यावर असं हसता येतं, हे ठाऊक नव्हतं.

केतकी हसली नाही. तिनं फक्त पुढचं चित्र लावलं. ‘येणारी कामं’. त्यात पांढरं हेल्मेट घातलेली एक गोरी बाई होती, हातात रिमोट.

खरं सांगते, त्या क्षणी मला भाऊसाहेबांचा राग आला नाही. मला केतकीचा हेवा वाटला. तिच्या स्वच्छ नखांचा, तिच्या बुटांचा. ती बोलायला लागली की माणसं गप्प होतात, त्याचा.

हा हेवा जुना. ढाणकीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तिच्या बापाचं शेत, कापूस अन् तूर. माझी याडी, म्हणजे माझी आई, त्याच शेतात कापूस वेचायची. गणितात मला तिच्याहून जास्त मार्क. माझ्या वहीतून ती उतरवून घ्यायची आणि मी घेऊ द्यायचे. दहावीनंतर ती पुण्याला गेली. मी आयटीआयच्या खिडकीवर गेले. मशीनचा ट्रेड मागितला, कम्प्युटरवर चालणारा. खिडकीतला माणूस माझं आडनाव वाचून म्हणाला, “थे तुले जमनार नाही बाई. वेल्डर घे, जागा रिकाम्या आहेत.” मी घेतला.

वेल्डिंग मला आवडलं, हेही खरं. निळ्या उजेडात लोखंड वितळतं, दोन तुकडे एक होतात. माझा टाका, म्हणजे वेल्डिंगचा सांधा, बघायला दुसऱ्या वर्कशॉपची माणसं यायची.

पण त्या कार्यक्रमानंतर मी जो दिसेल त्याचा हेवा करायला लागले. माझा चुलतभाऊ बाभुळगावला नळकाम करतो. दर घरात पाइप वेगळा, भिंत वेगळी, त्याला कोणता रोबोट हटवणार? हेवा. आयटीआयला माझ्यासोबत असलेली एक जण वायरमन झाली, शेतातले सोलर पंप दुरुस्त करते. तिला तर बोलावणं संपत नाही. तिचाही हेवा. एकच जण असा निघाला की ज्याचा हेवा करता येईना. टर्नर झाला होता. लेथ मशीनवर लोखंडाचे भाग कातायला मोठ्या शहरात गेला, तिथं एकाच मशीननं सहा जणांचं काम घेतलं. आता त्याच कारखान्यात खोकी उचलतो. त्याला फोन केला तर म्हणाला, “शिकलो होतो ना मी, मंग काहून असं?”

उद्घाटनानंतर चारच दिवसांत रोबोट अडला.

नव्या सरळ पत्र्यावर तो सुरेख चालायचा. पण आमच्याकडं निम्मं काम जुन्या टिप्परांचं. पत्रा गंजलेला, वाकलेला, फट कुठं बोटभर तर कुठं केसाएवढी. तिथं रोबोटनं पत्रा जाळला, भोकं पाडली. केतकी दोन दिवस रिमोट घेऊन उभी होती. तिसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी मला हाक मारली.

“इकडं ये. मॅडमले दाखव, हात कसा चालवतं थे. कुठं थांबतं, कुठं पळतं. एकदा मशीनले समजलं की झालं.”

केतकी हळूच म्हणाली, “तू फक्त करून दाखव. मी मशीनमध्ये भरून घेते.”

भरून घेते. माझा आठ वर्षांचा हात.

मी वेल्डिंगचा होल्डर उचलला. वाकले. आणि तशीच थांबले. पत्र्याकडं बघता बघता एक गोष्ट लख्ख कळली. रेल्वे आली म्हणून आमचे लोक संपले नव्हते. वाटा त्यांना पाठ होत्या, घाट पाठ होते, पाणी कुठं आहे ते पाठ होतं. पण इंजिनावर चढायला त्यांना कोणी बोलावलं नाही.

मी सरळ उभी राहिले. केतकीला म्हणाले, “रिमोट दे.”

ती गोंधळली. “अगं, हे नाजूक असतं.”

“टाकाही नाजूकच असते. मी शिकवतो, पन मशीन मी चालवीन. तू बाजूले उभी राहून मले सांग.”

भाऊसाहेब हसले. “तुले इंग्रजी येते काय त्यावरचं?”

“तिले टाका येते काय?”

वर्कशॉपमधले सगळे हात थांबले. भाऊसाहेबांचा चेहरा बदलला. “काम कराचं असन तर कर, नाहीतर गेट तिकडं आहे.”

मी केतकीकडं पाहिलं. ती एक शब्द बोलली असती तरी पुरलं असतं. शाळेत मी तरी तिच्यासाठी कधी बोलले होते का? नव्हते. पण वही दिली होती. तिनं रिमोट छातीशी धरला आणि खाली बघितलं.

मी होल्डर ठेवला, हातमोजे काढले, गेटातून बाहेर पडले.

पुढं काही गोड झालं नाही. त्यांनी चंद्रपूरहून दुसरा वेल्डर आणला. त्यानं शिकवलं असेल. मी आता वणीच्या रस्त्यावर बंद पडलेले टिप्पर जागेवर जोडते, चिखलात पाठीवर पडून. रविवारी बसनं यवतमाळला जाते, रोबोट चालवायला शिकवणाऱ्या एका क्लासात. वर्गात मी एकटी बाई. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून पाठ करते. चुकते. पुन्हा लिहिते.

केतकीचा हेवा अजून वाटतो. तो जावा असं मला वाटत नाही, त्याच्याच जोरावर मी पहाटेची बस पकडते. माझ्या हातातलं कसब कोणाला पाहिजे असेल, तर मशीन माझ्या हुकमानं चालेल. तसं नसेल, तर त्यांनी जळका पत्रा बघत बसावं. मी वाकणार नाही.