म्हसवडच्या सान्याची सरकारी नोंद

सरकारी ऑफिसात फायली साचतात हे सगळ्यांना दिसतं. किस्सेही तितकेच साचतात, फक्त त्यांच्यावर आवक नंबर पडत नाही! रिटायर झाल्यापासून मित्रांत बसलो की माझा एकेक सुटतो आणि बायको आतून ओरडते, "पुन्हा म्हसवड का?" तर हो, पुन्हा म्हसवडच.

नव्वदच्या दशकात साताऱ्यात आमचा एक कक्ष होता. काम असं, की सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत वीज वाचवायची, पण घराच्या जुनेपणाला धक्का लावायचा नाही. माणसं तीन. पाठकसाहेब, मी म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर कांबळे, आणि रोजंदारीवरचे गुलाबचाचा गवंडी. जुनी घरं कळत होती ती फक्त चाचांना, म्हणून त्यांना मीटिंगला बोलावत नसत.

* * *

आमच्या ऑफिसला पूर्वेची चांगली मोठी खिडकी होती. तिच्यापुढे वीजबचतीच्या फायलींचं कपाट! त्यामुळे भर दुपारी चार ट्यूबलाइट चालू.

एकदा चाचा म्हणाले, "साहेब, कपाट जरा सरकवू काय? उजेड यील."

साहेब दचकलेच. "अहो, डेड स्टॉक रजिस्टरात कपाटाची जागा 'खिडकीसमोर' अशी लिहिलीय!"

कपाट तिथेच राहिलं. आम्ही ट्यूबखाली बसून बचतीचे तक्ते आखत राहिलो.

* * *

सांगलीत एका जुन्या घराचा सर्व्हे केला. भिंती दोन हात जाड, आत गेलं की माठाशेजारी बसल्यासारखं गार. साहेबांनी फॉर्म काढला. एसी किती? नाही. कूलर? नाही. पंखा?

"हाय की एक. पावनं आलं की लावतो," मालक म्हणाले.

साहेबांनी पेनाला टोपण घातलं. "तुमच्याकडे वाचवायला वीजच नाही. नाव कट!"

मालक बिचारे ओशाळले. "आवं साहेब, एक डाव सांगून तरी आला असता. शेजारचा कूलर आणून ठेवला असता."

अशी एकेक करत सगळी घरं कटली. वरून पत्र आलं, की उन्हाळ्यात मुंबईचे मोठे साहेब येतील, एक तरी आदर्श घर दाखवा, नाहीतर कक्ष बंद.

* * *

मग सापडलं म्हसवडचं सुभेदार मान्यांचं घर. रिटायर्ड फौजी. घराला माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, आणि त्यात सानं. सानं म्हणजे उजेडासाठी आणि धूर जाण्यासाठी छताला ठेवलेलं हातभर भोक. पाऊस आला की त्यावर तेलाच्या डब्याचा उलगडलेला पत्रा ओढायचा.

त्या सान्याखाली मावशी, म्हणजे सुभेदारांच्या मंडळी, गोधड्या शिवत. त्यांची नजर अधू झाली होती. सुईत दोरा ओवता यायचा तो फक्त त्या उजेडात. अर्धं म्हसवड त्यांच्या गोधड्यांत झोपायचं.

घरात बल्ब एकच. पण साहेब आता शहाणे झाले होते. ते म्हणाले, "सुभेदार, आधी तीन महिने भरपूर वीज वापरा. मग आम्ही बचत दाखवतो." आणि ऑफिसतर्फे एक कूलर, चार बल्ब आणि एक हीटर आला!

सुभेदार कूलरकडे बघत राहिले. "साहेब, फौजेत लय ऑर्डरी पाळल्या. पण आधी दुश्मन घरात घ्या आन मग हाकला, ही पयलीच!"

* * *

बचत करायची कशी, याचं साहेबांकडे एक पुस्तक होतं, कुठल्यातरी बर्फाळ देशातलं. त्यात लिहिलेलं, की छतातलं प्रत्येक भोक बुजवा, घरातली ऊब बाहेर जाऊ देऊ नका.

चाचांनी विचारलं, "ऊब घरातच ठिवायची? म्हसवडात? चैत्रात?"

"पुस्तकात महिना दिलेला नाही," साहेब म्हणाले.

सान्यावर फळी पडली. काढलेला पत्रा सरकारी कामातला म्हणून साताऱ्याला नेऊन डेड स्टॉकला जमा झाला. खाली थर्माकोलचं सीलिंग आलं आणि सागवानी तुळया झाकल्या गेल्या. पण जुनेपण जपायचं होतं ना! म्हणून थर्माकोलवर सागवानी रंग मारला.

मावशी बल्बखाली सुई धरून बसल्या. चारदा दोरा हुकला. "ऱ्हाऊ द्या आता गोधड्या," म्हणाल्या आणि सुई उशीला टोचून ठेवली. मला त्या क्षणी माझ्या डिग्रीची लाज वाटली. तरी 'काम पूर्ण' अशी सही केली. कक्ष बंद पडला असता तर मीच आधी निघालो असतो.

* * *

मोठे साहेब ऐन दुपारी आले. कूलरचा गारवा जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं. आत कूलर, बल्ब, रंगीत थर्माकोल. पाठकसाहेबांनी तक्ता उलगडला आणि लाइट गेली.

मिट्ट काळोख. पाच मिनिटांत सगळे घामाने निथळले. मोठे साहेब भिंत चाचपत दार शोधायला लागले.

तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "सरका जरा." कोपऱ्यातली काठी घेतली आणि थर्माकोलमधून थेट वर घुसवली. थर्माकोलचा मोठा तुकडा खाली पडला, फळी बाजूला सरकली. वरून उजेडाचा खांब उतरला, कोंडलेली हवा वर गेली. मावशींनी उशीची सुई उपसली आणि पहिल्याच झटक्यात दोरा ओवला! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, घामात कुणाला दिसलं नाही.

मोठे साहेब वर बघत राहिले. "ही सिस्टिम कोणाची?"

पाठकसाहेब क्षणभरही थांबले नाहीत. "आपल्याच कक्षाची, सर! ट्रायल चालू आहे."

"ऑटोमॅटिक?"

"व्हय," मावशी म्हणाल्या. "दिस उगवला की चालू, बुडला की बंद."

"उत्तम! ही कोणीही बंद करायची नाही. बोर्ड लावा."

* * *

मुंबईहून पत्र्याचा बोर्ड आला. 'शासकीय प्रायोगिक प्रकाशयंत्रणा. विनापरवाना हात लावू नये.' तो पोस्टाने म्हसवडला गेला. परतीच्या पावसात आम्ही पाहणीला गेलो, सोबत कॅमेरा. मावशी दारात बसून चिंध्या निवडत होत्या. चारही भिंती रिकाम्या.

"मावशी, सरकारी बोर्ड कुठाय?" पाठकसाहेबांचा आवाज चढला.

मावशींनी मान न उचलता सुईने वर दाखवलं. वर सान्यावर ओढलेल्या पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"आमचा पत्रा तुमीच न्हेलासा न्हवं?"

अक्षरं खालच्या बाजूला होती. साहेबांनी मान वर करून 'हात लावू नये'पर्यंत सगळं नीट वाचलं. एक थेंबही गळत नव्हता.

"कांबळे," ते म्हणाले, "लिहा. बोर्ड योग्य जागी बसवला."